गंडीपेटच्या पाण्याचा चहा

हातातला कागदी कप खाली ठेवा. शहागडच्या स्टँडसमोर उभं राहून तुमचा पुष्कळ चहा पिऊन झालाय. महामार्गावरचे ट्रक, बीडच्या गाडीच्या कंडक्टरची हाळी, उसाच्या ट्रॉल्या, सगळं जरा मागं राहू द्या. मोबाइल पिशवीच्या तळाशी टाका. बूट काढा. डोक्यावर काळी टोपी चढवा, अंगात आईनं काल नदीवर धुऊन आणलेला सदरा, त्यावर मामाचा कोट. खांद्याला दोन बोटं मोठा आहे, पण शहरात कोट लागतोच, असं मामाचंच म्हणणं. वाचणारी बाई असेल तर तिनंही आजच्यापुरती ही टोपी घालावी. का, ते हॉटेलात शिरल्यावर सांगतो.

साल १९४०. मृग लागलाय. तुम्ही जालना जिल्ह्यात नाही, कारण तो जिल्हा व्हायला १९८१ उजाडायचंय. अंबड तालुका औरंगाबादेत आणि औरंगाबाद निजामाच्या राज्यात. त्यामुळं तुमचं मोठं शहर मुंबई नाही नि पुणंही नाही. शेवटचं अपील, मोठा दवाखाना, वरचं शिक्षण, सरकारी नोकरी, सगळ्यांची वाट एकच: हैदराबाद. तुम्ही उर्दूतून मिडल पास झालाय, अक्षर वळणदार आहे, आणि गावातल्या कुणाच्या तरी ओळखीनं एका दफ्तरात उमेदवारी मिळालीय. उमेदवारी म्हणजे काम पुरं आणि पगार पुढं कधीतरी.

बैलगाडी मध्यरात्रीच जुंपलीय. खाली कडब्याचा पेंढा टोचतो, चाकातल्या वंगणाचा वास नाकात बसतो. आईनं फडक्यात भाकरी, ठेचा आणि तिळाची चटणी बांधलीय. शिवाय एका तांब्याच्या गडूत गंगेचं पाणी. इकडं गोदावरीला गोदावरी म्हणतो कोण? ती गंगाच. गडूचं तोंड चिंधीनं आवळून आई म्हणते, "परमुलखातलं पाणी बाधतं. पहिल्या दिवशी हेच पी." अंबडला मुक्काम पडतो, मत्स्योदरीच्या डोंगराला खालूनच हात जोडता, आणि दुसऱ्या दिवशी अंगावरच्या धुळीसकट जालन्याच्या ठेसनावर उतरता.

गाडी छोट्या रुळांवरची, मीटर गेज. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बाकावर जागा मिळाली तर नशीब. नाहीतर स्वतःच्या वळकटीवर बसा. खिडकीतून तोंड बाहेर काढू नका, कोळशाची कणी डोळ्यात जाते. गेलीच ना? चोळू नका, पापणी ओढून धरा. परतूर, सेलू, परभणी, पूर्णा. प्रत्येक ठेसनावर अंधारातून दोन आरोळ्या येतात, "हिंदू पाणी!" आणि "मुसलमान पाणी!" दोन घागरी, दोन माणसं, आणि तहान मात्र सगळ्या डब्याला एकसारखी. नांदेडपर्यंत डबा मराठीत भांडतो. मुदखेड, धर्माबाद करता करता बोलण्यात तेलुगू मिसळायला लागते, आणि बासरच्या अलीकडं एकदम चाकांचा आवाज बदलतो. पूल. शेजारचा म्हातारा झोपेतून उठून कनवटीचा पैसा काढतो, खिडकीतून खाली फेकतो आणि हात जोडतो. खाली काळंभोर पाणी पसरलंय. ही तीच. शहागडच्या घाटावरून निघालेलं पाणी तुमच्या आधी इथं पोचलंय. तुम्हीही एक पैसा टाकून द्या. कंजूषपणा करायची ही जागा नव्हे.

पुढचे काही दिवस मी भरभर उरकतो, कारण ते तुम्हालाही उरकूनच टाकावेसे वाटतील. काचीगुड्याचं पांढरंशुभ्र, घुमटाचं स्टेशन. घोड्याच्या लिदीचा आणि ओल्या चामड्याचा वास येणारा टांगा. सुलतान बाजाराकडच्या एका वाड्यात अंबडकडच्या ओळखीच्यांनी दिलेली, जिन्याखालची खोली. भवताली मराठी माणसं आहेत बरं का. विवेकवर्धिनी शाळा १९०७ पासून इथं मराठी पोरं शिकवतेय, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 'निजाम विजय' नावाचं मराठी साप्ताहिक निघतं. पण दिवसभर तुम्ही दफ्तरात. तिथं शेरवान्या, रूमी टोप्या, शाईचा आंबूस वास, आणि तुम्ही शाळेत पाठ केलेल्या उर्दूपेक्षा दुप्पट वेगानं बोलली जाणारी उर्दू. तुम्हाला कुणी नावानं हाक मारत नाही. "ए नये," म्हणतात. संध्याकाळी रस्त्यानं चालताना हजार माणसं अंगाला अंग घासून जातात आणि त्यातल्या एकालाही तुम्ही कोण ते ठाऊक नसतं. गावात असं कधी झालंच नव्हतं. गावात तुम्ही वेशीतून आत आलात की चार ओसऱ्यांना कळायचं. गडूतलं पाणी तर दुसऱ्याच दिवशी संपलं.

मग एका संध्याकाळी आभाळ फुटतं.

पळा. कोट डोक्यावर घ्या आणि पळा. गटारं रस्त्यावर आलीयत, टांगेवाले घोड्यांना शिव्या देतायत, फळवाला पाटीवर स्वतःच आडवा पडलाय. समोर कोपऱ्यावर पिवळा उजेड दिसतो. दोन रस्ते मिळतात तिथं एक इमारत, आणि तिला दोन्ही रस्त्यांकडून सताड उघडी दारं. कुठल्या दारानं आत आलात हे तुम्हालाही सांगता येणार नाही. पाय आत पडतो आणि ओल्या मातीचा वास एका क्षणात पुसला जातो. त्याजागी येतो भट्टीतून नुकत्याच काढलेल्या बिस्किटांचा, आटलेल्या दुधाचा, विडीच्या धुराचा, भिजलेल्या लोकरीचा आणि कुणाच्या तरी कानातल्या अत्तराच्या फायाचा मिळून एकच एक दाट वास. हे इराण्याचं हॉटेल. नाव मी मुद्दाम सांगत नाही. ज्यानं त्यानं आपापलं शोधून काढावं.

पहिल्यांदा तुम्ही दचकता. समोरून एक भिजलेला, मोठ्या कोटातला, भेदरलेला माणूस तुमच्याकडंच येतोय. डावीकडूनही तोच. भिंतीभर आरसे आहेत. कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या डोळ्यांनी स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत, तेही विजेच्या दिव्याखाली, कधी पाहिलं होतं? घरी आरसा म्हणजे तळहाताएवढा, भांग पाडण्यापुरता. थोडं थांबून बघा स्वतःकडं. मामाचा कोट खरंच मोठा आहे.

"हल्लू साब, हल्लू! फरश गीला है."

हा आवाज पोऱ्याचा. खांद्यावर फडकं, एका हातात चार कपबशांची उतरंड. तुम्ही जागच्या जागी थबकता, पण फरशीमुळं नाही. तो काय म्हणाला? हल्लू. हळू!

"उधरीच बैठो, कोने में."

उधरीच. आणि तो शेवटचा 'च'. तुमची आई म्हणते तसा, ठाशीव. "आत्ताच जा", "तिथंच बस", "तूच खा". दफ्तरातली उर्दू लखनौकडं तोंड करून बोलली जाते. ही रस्त्यावरची दखनी आहे, आणि हिनं चारशे-पाचशे वर्षं मराठी मुलखाशी संसार केलाय. तिच्या पदरात आपले 'नको', 'हळू' आणि हा 'च' कधीचेच बांधलेले. भाषेचे अभ्यासक हे पुस्तकांतून सांगतात. तुम्हाला मात्र ते आत्ता, कपड्यांतून पाणी निथळत असताना, एका अनोळखी पोराच्या तोंडून कळलंय. परक्या गावात आपल्या घरचा दागिना कुणाच्या तरी अंगावर दिसावा, तसं.

बसा. खुर्ची वाकवलेल्या लाकडाची, टेबलावर संगमरवर. तळहात त्यावर टेकवा. बाहेर जून आहे, आत भट्टी धगधगतेय, माणसं वाफाळतायत, छतावरचा पंखा कुरकुरत तीच वाफ इकडून तिकडं ढकलतोय, आणि हा दगड मात्र नदीकाठच्या पहाटेसारखा गार. तुम्ही काही मागायच्या आत पोऱ्या बिस्किटांची भरलेली बशी आणून आदळतो. तुमचा जीव खिशाकडं जातो. खिशात हाली आहे, निजामाचं नाणं. इंग्रजी कलदार रुपयाला इथं मोल जास्त, सहा कलदारांना सात हाली, पण तुमच्याकडं दोन्ही जेमतेम.

"नको, नको," तुमच्या तोंडून मराठीच निघून जातं.

"नक्को? हौ, नक्को तो नक्को. खाए उत्तेच का पैसा." आणि तो हसतो.

खाल्लं तेवढ्याचेच पैसे. उरलेली बिस्किटं मोजून परत. एवढा विश्वास तुमच्यावर आज दिवसभरात दुसऱ्या कुणी टाकला? उचला एक. उस्मानिया बिस्किट. दाताखाली आधी जरासं खारट, मग गोड, मग नुसतं लोणी, आणि चावायच्या आत विरघळतं. आता दुसरं उचलायला तुम्हाला कुणी आग्रह करायची गरज नाही.

चहा यायच्या आत गल्ल्याच्या मागं डोकावून घ्या, कारण हा चहा घरच्यासारखा होत नाही. घरी तरी चहा म्हणजे काय? पाहुणा आला, नाहीतर कुणाला थंडी वाजून आली, की गुळाचं पाणी, चिमूटभर पत्ती, आणि सगळं एका पातेल्यात खळाखळा. इथं दोन भांडी. एका तांब्याच्या भांड्याचं तोंड कापडानं बांधून चहाचा अर्क मंद आचेवर दमाला लावलेला, बिर्याणीला लावतात तसा. शेजारच्या भांड्यात दूध, सकाळपासून आटत आटत साईचं झालेलं. दोघांची गाठ थेट कपातच पडते. आधी गडद लालसर अर्क, वरून पांढरी दाट धार. ढवळू नका, रंग आपोआप चढतो. साखर इतकी की चमचा उभा राहील. तशा चहाला इथं "खडे चम्मच की चाय" म्हणतातच. दोन दोस्त आणि पैसे एकाचेच असले तर "एक में दो", एका कपाचे दोन भाग. मागायला लाज नाही, द्यायला कुरकुर नाही.

कप जाड, पांढरा, काठाला टवका उडालेला. बशीत ओता. फुंकर घाला. कपातून प्यायचा की बशीतून, यावर शहरी लोक नाकं मुरडतात, पण माझं मत पक्कं आहे: हा चहा बशीतूनच. साय काठाला लागते, वाफ तोंडावर येते, आणि पहिला घोट घशातून उतरताना भिजलेल्या अंगाचा काटा एकेक करून खाली बसतो.

"मियाँ, कां के?" शेजारचा विचारतो. पांढरी दाढी, हातात सुट्टं वर्तमानपत्र. इथं 'रहबर-ए-दकन'चा एकच अंक येतो आणि त्याची पानं सुटी होऊन टेबलाटेबलांवर फिरतात. ज्याच्याकडं पहिलं पान त्याच्याकडं शेवटचं नसतं, म्हणून बोलणं भाग पडतं.

"शहागड. औरंगाबादकडं. गोदावरीच्या काठचा."

"गोदावरी!" तो मान हलवतो. "अब गंडीपेट का पानी पी लिए. अब नहीं जाते."

हे हैदराबादकर प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. १९०८ साली मुसी नदीनं शहर बुडवलं, त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानं शहराच्या वरच्या अंगाला धरणं बांधायचं ठरलं. त्यातला उस्मानसागर १९२० साली पुरा झाला. गंडीपेट गावाजवळचा म्हणून लोकांच्या तोंडी तो गंडीपेटच. त्याचं पाणी एकदा पोटात गेलं की माणूस हे शहर सोडत नाही, अशी इथली म्हण. आईनं याच पाण्याची भीती घातली होती. तुम्ही तिच्या आठवणीनं जरा कचरता आणि बशी पुन्हा भरता.

आता टोपीचं सांगतो. हॉलभर नजर टाका: शेरवान्या, धोतरं, लुंग्या, एखादी विलायती पँट. बाई एकही नाही. या काळात हैदराबादेत बाई हॉटेलात आलीच तर पडदा सोडलेल्या खोलीत, घरच्या माणसांबरोबर. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीनं बसून पावसाकडं बघणं तिच्या वाट्याला नाही. म्हणून टोपी घालायला सांगितली. हा चहा तिनंही प्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्या काळातल्या बायकांना तो असा मोकळेपणी मिळाला नाही, याचं वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट बघा, ती मात्र दिसायला वेळ लागतो. टांगेवाला, कारकून, कॉलेजातला पोरगा, भट्टीवरचा मजूर, सगळ्यांचे कप एकाच हौदात बुडतात नि एकाच फडक्यानं पुसले जातात. गावात कुणाच्या घरचं पाणी चालतं नि कुणाच्या घरचं नाही, हे तुम्हाला पाढ्यांच्याही आधी शिकवलेलं. गावात कुणासाठी तरी वेगळी कपबशी बाहेर वळचणीला खोचून ठेवलेली असते, तेही तुम्ही पाहिलंय. इथं शेजारचा कोण, हे चहा देताना कुणी विचारत नाही. ज्याची कपबशी गावात वळचणीला होती, तो माणूस आज या संगमरवरावर कोपरं टेकून बसला असेल, तर त्याच्या घोटाची चव तुमच्या-माझ्या घोटापेक्षा निराळी असणार. घरी पत्रात हे लिहू नका. पण विसरूही नका.

ग्रामोफोनवर सैगलची तबकडी लागलीय. एका जागी ओरखडा आहे, तिथं तो दरवेळी तोच अर्धा शब्द तीनदा म्हणतो आणि गल्ल्यावरचा इराणी सेठ मान वर न करता बोटानं सुई पुढं ढकलतो. सेठ उंच, गोरा, उकाड्यातही गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. तो मुंबई-पुण्याहून इकडं आला, की त्याचा बाप थेट इराणातल्या याज्दहून, हे कुणी विचारत नाही. तोही तुमच्यासारखाच कुठल्या तरी लांबच्या पाण्याचा.

निघताना कागदाचं बिल वगैरे नाही. तुम्ही उठता तसा पोऱ्या हॉलच्या दुसऱ्या टोकावरून गल्ल्याकडं ओरडतो, "काली टोपी, बडा कोट! एक चाय, दो बिस्कुट!" सगळे वळून बघतात. कानशिलं तापतात. पैसे मोजून तुम्ही पावसात निसटता. पण वाड्याकडं जाताना लक्षात येतं की या शहरात आज पहिल्यांदा कुणीतरी तुमचं वर्णन केलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जाता. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात पाय आपले आपणच वळतात, दफ्तर सुटलं की डोकं घराकडं आणि पाय कोपऱ्याकडं. भट्टीतला दुसरा घाणा किती वाजता निघतो ते कळतं. कुठल्या खुर्चीचा पाय डुगडुगतो ते कळतं. सुट्टीच्या दुपारी फिनेलच्या वासात हॉटेल रिकामं असतं, तेव्हा बसून आईला पत्र लिहिता येतं, आणि एका कपावर तासभर बसलात तरी उठवायला कुणी येत नाही. आबिदकडचं एक मोठं हॉटेल शायरांचं म्हणून नावाजलेलं. तिकडं एकदा जाऊन येता, काचेतून बघता, आणि परत आपल्या कोपऱ्यावर येता. तिथले आवाज मोठे आहेत. इथं तुमचा आवाज कुणाला तरी ओळखू येतो.

मग श्रावणातल्या एका संध्याकाळी तुम्ही आत शिरता, कोपऱ्यात बसता, आणि काही न मागता कप येतो. साखर एक चमचा कमी, साय जास्त. बिस्किटं दोनच. बशी अगोदरच बाजूला ठेवलेली, ओतायला सोपी. उठताना पोऱ्या ओरडतो, "गोदावरीवाले साब! रोज का!"

कोट अजून मोठाच आहे. आरशात बघा, आता तो तितका वाईट दिसत नाही.

आता परत चला. शहागडच्या स्टँडवर तुमचा कागदी कप थंड झालाय, त्यावर धूळ बसलीय. कोपऱ्यांवरची ती हॉटेलं बरीचशी एकेक करून गेली. पण हैदराबादेत इराणी चहा अजून दोन भांड्यांतूनच होतो, उस्मानिया बिस्किट अजून आधी खारट लागतं, आणि जालन्याहून रात्रीची गाडी आजही बासरच्या पुलावरून जाते. एकदा जाऊन या. एखाद्या जुन्या हॉटेलात कोपरा धरून बसा, चहा बशीत ओता. बिस्किटं जास्त आणली तर हिंदी-इंग्रजी शोधत बसू नका, सरळ "नको" म्हणा. पोऱ्याला कळतं.